मानलेली नाती

मराठीत सख्खा भाऊ असतो, चुलतभाऊ असतो, मावसभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ असतो आणि या सर्वांच्या रांगेत आणखी एक भाऊ असतो. तो म्हणजे मानलेला भाऊ. रक्ताचा संबंध नाही, गाव वेगळे, जात वेगळी, कित्येकदा भाषाही वेगळी. तरीही भाऊबीजेला त्याचे ताट मांडले जाते, घरातल्या लग्नाची तारीख ठरवताना त्याची सोय आधी विचारली जाते आणि रात्री-अपरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचे झाले तर पहिला फोन त्यालाच जातो. मानलेली बहीण, मानलेली मावशी, मानलेले काका यांचेही तसेच.

या माणसांची पहिली भेट कशी झाली, असे विचारले तर उत्तर बहुधा अगदीच साधे असते. गाडीत शेजारची जागा मिळाली होती. इस्पितळात दोघांचीही माणसे एकाच वॉर्डात होती. बदलीच्या गावी सामान उतरवत असताना समोरच्या बिऱ्हाडातून चहा आला होता. त्या दिवशी एक गाडी चुकली असती किंवा समोरचे घर रिकामे असते, तर ही दोन घरे एकमेकांना कधी भेटलीच नसती.

मग हा सारा योगायोगाचाच खेळ आहे का? तसे म्हणावे तर प्रत्येकाला जन्मभरात हजारो अनोळखी माणसे भेटतात. त्यांपैकी बहुतेकांची नावेही लक्षात राहत नाहीत. एखादीच ओळख घराच्या उंबऱ्याच्या आत येते आणि पुढे कायमची राहते. असे का होते, याचे उत्तर 'मानलेला' या शब्दातच आहे. सख्खे नाते जन्माबरोबर मिळते. हे दुसरे नाते कोणीतरी मानावे लागते आणि एकदा मानून भागत नाही, पुन्हा पुन्हा मानावे लागते.

दंतवैद्याकडे वाचलेले पत्र

सन १८८०. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कारपेंटर नावाच्या बाई दंतवैद्याकडे गेल्या होत्या. आपला नंबर येईपर्यंत वेळ घालवायला त्यांनी तिथे पडलेले एक मासिक हातात घेतले. ते ख्रिस्ती मिशनऱ्यांचे मासिक होते. त्यात हिंदुस्थानातील एका टपाल खात्यातील कारकुनाचे पत्र छापले होते. आपल्या पत्नीला शिकायचे आहे, त्यासाठी अमेरिकेत काही सोय होईल का, अशी त्याने विचारणा केली होती. धर्मांतराची तयारी असेल तर पाहू, अशा अर्थाचे उत्तर संपादकांनी दिले होते.

तो कारकून म्हणजे गोपाळराव जोशी आणि शिकू इच्छिणारी त्यांची पत्नी म्हणजे कल्याणच्या आनंदीबाई. त्या वेळी त्या जेमतेम पंधरा वर्षांच्या होत्या. चौदाव्या वर्षी झालेले मूल अवघ्या दहा दिवसांत दगावले होते आणि वैद्यकीय मदत मिळाली असती तर ते वाचले असते, ही बोच त्यांच्या मनात होती.

ते मासिक त्या महिन्यात अनेकांनी वाचले असेल. काहींना हळहळही वाटली असेल. कारपेंटर बाईंनी मात्र घरी जाऊन पत्र लिहिले. कधी न पाहिलेल्या, सातासमुद्रापलीकडच्या एका मुलीला आपल्या घरी जागा देण्याची तयारी त्यांनी दाखवली. हिंदुस्थानातून उत्तर गेले. त्याला पुन्हा उत्तर आले. पुढे जवळजवळ तीन वर्षे ही पत्रे जात-येत राहिली. बालविवाह, धर्म, रीतिरिवाज अशा विषयांवर दोघी मोकळेपणाने लिहीत. आनंदीबाईंची प्रकृती बिघडल्याचे कळले तेव्हा कारपेंटर बाईंनी अमेरिकेतून औषधे पाठवली. या सर्व काळात दोघींनी एकमेकींचा आवाजही ऐकलेला नव्हता, पण आनंदीबाईंच्या दृष्टीने त्या आता 'मावशी' झाल्या होत्या.

एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. नवरा बरोबर नव्हता, माहेर-सासरचे कोणी नव्हते आणि वय अठरा वर्षांचे होते. जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या तेव्हा त्यांना न्यायला मावशी आल्या होत्या. कॉलेज सुरू होईपर्यंत त्या रोझेलला मावशींच्याच घरी राहिल्या. पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. मायदेशी परतल्यावर त्यांना फार दिवस लाभले नाहीत. क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षे पुरी होण्याआधीच पुण्यात त्यांचे निधन झाले.

भारतातल्या पहिल्या स्त्री डॉक्टरांपैकी एक म्हणून आनंदीबाईंचे नाव शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. त्यांच्या अस्थींचे काय झाले, हे मात्र कमी लोकांना माहीत आहे. त्या अमेरिकेत कारपेंटर मावशींकडे पाठवण्यात आल्या. मावशींनी त्या न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी गावी आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या आणि त्यावर आनंदीबाईंच्या नावाचा दगड बसवला. आपली माणसे जिथे ठेवतात तिथेच मावशींनी आनंदीबाईंनाही ठेवले.

योगायोग म्हणाल तर तो दंतवैद्याकडच्या काही मिनिटांपुरताच होता. पुढची सात वर्षे मावशींनी स्वतः होऊन घडवली.

एक माणूस जेवायला दिसला नाही

दुसरे उदाहरण दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग शहरातले, १९०४ सालचे आहे. तिथे वकिली करणारे गांधीजी एका शाकाहारी उपाहारगृहात जेवायला जात. एका छोट्या छापखान्यात भागीदार असलेले अल्बर्ट वेस्ट नावाचे इंग्रज गृहस्थही तिथेच जेवत. रोज संध्याकाळी भेट होई आणि जेवण झाले की दोघे फिरायला जात. त्या वेळची ओळख एवढीच होती.

त्या वर्षी शहरातील हिंदी मजुरांच्या वस्तीत प्लेग आला. गांधीजी रोग्यांच्या शुश्रूषेत गुंतले. आपल्यामुळे कोणाला संसर्ग होऊ नये म्हणून ते इतर गिऱ्हाइके येण्याआधीच दुपारचे जेवण उरकून घेत. रात्रीचे जेवण त्यांनी बंदच केले होते. साहजिकच वेस्ट यांना ते दिसेनासे झाले. एक-दोन दिवस वाट पाहून वेस्ट यांनी एके दिवशी भल्या सकाळी गांधीजींच्या घराचे दार ठोठावले. तुम्ही जेवायला दिसला नाहीत म्हणून काळजी वाटली, असे त्यांनी सांगितले. माझ्यावर अवलंबून असलेले कोणी नाही, तेव्हा रोग्यांची सेवा करायला मी तयार आहे, असेही ते म्हणाले.

गांधीजींनी त्यांना प्लेगच्या कामाला घेतले नाही. त्याऐवजी डरबनला 'इंडियन ओपिनियन' या पत्राचा छापखाना सांभाळाल का, असे विचारले. पगार महिना दहा पौंड. वेस्ट यांनी त्याच दिवशी होकार कळवला आणि दुसऱ्या रात्रीच्या गाडीने ते डरबनला रवाना झाले. गांधीजींनी १९१४ साली दक्षिण आफ्रिका सोडली तोपर्यंत ते त्यांच्या बरोबरच होते. पुढे वेस्ट यांची बहीण एडा याही फिनिक्सच्या आश्रमात येऊन राहिल्या. तिथे त्यांना सर्वजण 'देवीबहन' म्हणत.

त्याच उपाहारगृहात एका संध्याकाळी दुसऱ्या टेबलावर बसलेल्या एका तरुणाने गांधीजींकडे आपले कार्ड पाठवले. प्लेगसंबंधी गांधीजींनी वर्तमानपत्रात लिहिलेले पत्र त्याने वाचले होते. हा तरुण म्हणजे हेन्री पोलक, एका साप्ताहिकाचा उपसंपादक. पुढे गांधीजी डरबनला निघाले तेव्हा स्टेशनवर पोचवायला आलेल्या पोलक यांनी वाटेत वाचायला म्हणून रस्किनचे 'अन टु धिस लास्ट' हे पुस्तक त्यांच्या हाती ठेवले. त्या चोवीस तासांच्या प्रवासाने गांधीजींच्या आयुष्याला कसे वळण दिले, हे त्यांच्या आत्मकथेच्या वाचकांना माहीत आहेच. पोलक यांचे लग्न लावण्यात गांधीजींनीच पुढाकार घेतला आणि लग्नानंतर ते दांपत्य गांधीजींच्या कुटुंबात एकाच घरात राहू लागले. कस्तुरबांची मुले आणि ही इंग्रज सून-भावजय यांचा संसार एका छपराखाली सुरू झाला.

या दोन्ही ओळखींत लक्षात घेण्यासारखी गोष्ट एकच आहे. रोज दिसणारा माणूस आज दिसला नाही, हे वेस्ट यांच्या ध्यानात आले आणि ते स्वस्थ बसले नाहीत. पोलक यांना ज्याच्याशी बोलावेसे वाटले त्याच्याकडे त्यांनी संकोच न करता कार्ड पाठवले. दोघांपैकी कोणीही 'उगाच कशाला' असे म्हटले नाही.

सहवासाचा हिशेब

थोरामोठ्यांच्या चरित्रातच अशा भेटी होतात असे मुळीच नाही. मुंबईच्या उपनगरी गाड्या पाहाव्यात. केवळ स्त्रियांसाठी असलेली लोकल पश्चिम रेल्वेवर ५ मे १९९२ रोजी सुरू झाली, पण बायकांच्या डब्यातली मैत्री त्याहून कितीतरी जुनी आहे. रोज तीच गाडी, तोच डबा, तेच दार. आधी 'जरा सरकून घ्या', मग 'आज उशीर झाला वाटतं', मग भाजी निवडता निवडता सासूबाईंच्या गुडघेदुखीची चौकशी. पुढे त्याच डब्यात संक्रांतीचे हळदीकुंकू होते, दसऱ्याला झेंडूच्या माळा लागतात, एखादीचे डोहाळजेवणही उरकते. पुणे-मुंबई धावणारी डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी सुरू झाली. तिचा वाढदिवस नेहमीचे पासधारक केक कापून साजरा करतात. गाडीचा वाढदिवस हे निमित्त असते. साजरा होतो तो त्या डब्यात जमलेला गोतावळा.

मानसशास्त्राच्या अभ्यासकांनीही या गोष्टीकडे लक्ष दिले आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहणी केली. ती १९५० साली प्रसिद्ध झाली. एकाच मजल्यावर अगदी शेजारी राहणाऱ्यांमध्ये जवळची मैत्री होण्याचे प्रमाण ४१ टक्के होते. मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांमध्ये ते १० टक्क्यांवर आले. दोन दरवाजांमधले अंतर काही पावलांचेच, पण त्याने एवढा फरक पडला. येता-जाता सहज गाठ पडते, त्यांच्याशीच ओळख वाढते.

कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ साली वेळेचा हिशेब मांडला. नुसत्या ओळखीतून साधारण मैत्री व्हायला सुमारे ५० तास एकमेकांच्या सहवासात जावे लागतात, खरी मैत्री व्हायला सुमारे ९० तास आणि जिवाभावाची मैत्री व्हायला २०० तासांहून अधिक. लोकलमध्ये रोज एक तास सोबत घालवणाऱ्या दोघी महिन्यातले २५ दिवस भेटल्या, तर आठ महिन्यांत त्यांचे २०० तास भरतात. एवढ्या काळात एखादी 'ग्रुपमधली' बाई 'आमची ताई' झाली, तर त्यात नवल नाही.

मात्र याच अभ्यासात असेही दिसले की, केवळ कामानिमित्त एकत्र घालवलेल्या तासांनी फारशी जवळीक होत नाही. थट्टामस्करी, खुशालीची विचारपूस, मनातले बोलणे यांनी ती होते. म्हणूनच एकाच कार्यालयात वीस वर्षे शेजारी बसलेली माणसे परकी राहू शकतात आणि इस्पितळाच्या बाकावर चार रात्री सोबत जागलेली माणसे आपली होतात. एकाने दुसऱ्याच्या रोग्याजवळ बसायचे, दुसऱ्याने दोघांचे डबे आणायचे. तिथे कोणी कोणाची जात वा पगार विचारत नाही. औषध मिळाले का, ताप उतरला का, एवढेच विचारतात.

नाते म्हटले की जबाबदारी आली

आपल्याकडे ओळख जरा वाढली की लगेच काका, मावशी, दादा, वहिनी अशी हाक सुरू होते. यात गोडवा आहेच, पण नुसत्या हाकेने नाते होत नाही. मावशी म्हटले की तिच्या पथ्यपाण्याची चौकशी आली. भाऊ म्हटले की त्याच्या बायकोचाही मान राखणे आले. अनेक चांगल्या मैत्री मोडतात त्या इथेच. दोन पुरुषांची किंवा दोन स्त्रियांची गट्टी जमते, पण दोन्ही घरे एकमेकांना भेटतच नाहीत. मग घरातल्यांना तो माणूस म्हणजे वेळ खाणारा पाहुणा वाटू लागतो. उलट मुलांना, सासू-सासऱ्यांना, नवऱ्याला किंवा बायकोला त्या ओळखीत आधीपासून सामावून घेतले, तर पुढच्या पिढीपर्यंत ती टिकते.

नोकरीनिमित्त इंदूर, भोपाळ, दिल्ली, हैदराबाद किंवा बंगळुरूला गेलेल्या मराठी कुटुंबांना याचा अनुभव असतो. बाळंतपणाला आई वेळेवर पोहोचू शकली नाही, तेव्हा शेजारची पंजाबी किंवा तेलुगू 'काकी' रात्रभर उशाशी बसलेली असते. मुले तिच्याच हातचे जेवून मोठी होतात आणि तिची भाषा घरच्या भाषेइतकीच सफाईने बोलतात. अशा घरी पुढे गणपतीचे मोदक आणि लोहडीची रेवडी दोन्ही येतात.

सावधगिरीही हवीच. दोन भेटींत गळ्यात पडणारा, तिसऱ्या भेटीत पैसे मागणारा किंवा घरातल्यांपासून ओळख लपवून ठेवा असे सांगणारा माणूस नातेवाईक होऊ पाहत नसतो. तरुण मुली, एकटे राहणारे वृद्ध यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. खऱ्या मैत्रीला घाई नसते. ती उजेडात, चारचौघांच्या देखत वाढते. पैशाचा व्यवहार करायची वेळ आलीच तर तो सख्ख्या भावाशी जितका स्वच्छ ठेवावा तितकाच इथेही ठेवावा.

कायद्याच्या नजरेत

मानलेल्या नात्याला सुतक नसते, तसाच वारसाहक्कही नसतो. वीस वर्षे म्हाताऱ्या काकांचे सर्व काही करणाऱ्या मानलेल्या पुतणीचे नाव हिंदू वारसा कायदा, १९५६ मधल्या वारसांच्या यादीत येत नाही. तिला काही द्यावे अशी काकांची इच्छा असेल, तर त्यांनी शुद्धीवर असताना, स्वखुशीने, दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करून ठेवावे. अशी व्यवस्था आधीच केलेली असली आणि घरच्यांना सांगितलेली असली, म्हणजे मागाहून कटुता येत नाही.

एका ठिकाणी मात्र कायद्यानेही या जिव्हाळ्याची दखल घेतली आहे. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला. त्यानुसार जिवंतपणी अवयव देणारा बहुधा जवळचा नातेवाईकच असावा लागतो. परंतु नात्यात नसलेल्या माणसाला केवळ आपुलकी आणि जिव्हाळ्यापोटी अवयव द्यायचा असेल, तर प्राधिकार समितीच्या परवानगीने तो देता येतो. पैशाचा व्यवहार तर नाही ना, कोणाचा दबाव तर नाही ना, याची समिती कसून चौकशी करते. ती चौकशी योग्यच आहे. पण रक्ताचे नाते नसलेला माणूसही दुसऱ्यासाठी एवढे करू शकतो, हे कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरले, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

दुसरी भेट

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई ठप्प झाली. त्या रात्री हजारो माणसे कमरेएवढ्या पाण्यातून चालत होती. रस्त्याकाठच्या वस्त्यांनी, इमारतींनी त्यांना घरात घेतले, कोरडे कपडे दिले, चहा-बिस्किटे दिली. ते सौजन्य मोठेच होते. पण सकाळी पाणी ओसरल्यावर पाहुणे आपापल्या घरी गेले आणि बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट तिथेच संपली. त्यात गैर काही नाही. प्रत्येक चांगल्या माणसाशी जन्माचे नाते जोडणे शक्यही नसते.

परंतु पुष्कळदा मनात असूनही राहून जाते. गाडीतून उतरताना 'या एकदा घरी' असे दोघेही म्हणतात आणि पत्ता कोणीच घेत नाही. इस्पितळातून आपला रोगी आधी घरी जातो आणि शेजारच्या खाटेवरच्या आजींचे पुढे काय झाले, हे विचारायचे राहते. निवृत्तीच्या दिवशी डब्यातल्या मैत्रिणी शाल-श्रीफळ देतात, डोळे पुसतात आणि दुसऱ्या महिन्यापासून तिची जागा दुसरी कोणी घेते. ती घरी बसून घड्याळाकडे पाहत 'आता आपली गाडी अंधेरीला आली असेल' असे म्हणत असते. तिला एक फोन गेला असता, महिन्यातून एकदा सर्वजणी तिच्या घरी जमल्या असत्या, तर वीस वर्षांची ती सोबत स्टेशनावरच संपली नसती.

पहिली भेट कोणाच्या हातात नसते. ती गाडीच्या वेळापत्रकावर, बदलीच्या हुकमावर, आजारपणावर अवलंबून असते. दुसरी भेट मात्र ठरवावी लागते. एकाने पत्र लिहावे लागते, एकाने दार ठोठवावे लागते. आज घरे लहान झाली आहेत, मुले दूरदेशी आहेत आणि पुष्कळ घरांत दोनच वृद्ध माणसे एकमेकांकडे पाहत बसलेली आहेत. अशा वेळी समोरच्या दारातून 'काका, काल संध्याकाळी फिरायला दिसला नाहीत, बरे आहात ना?' एवढा प्रश्न आला, तरी त्या घराला आपले कोणीतरी आहे असे वाटते. असा प्रश्न विचारायला नात्यातलेच असावे लागते असे थोडेच आहे?